पेंडीतलं नायट्रेट आणि काट्यावरचं वजन

वजन उतरवणाऱ्या वस्तूंच्या पंगतीत गेल्या काही वर्षांत बीट येऊन बसलं आहे. बीटाचा रस, बीटाची पावडर, बीटाच्या गोळ्या. बीट खाल्ल्यानं रक्त वाढतं हा समज जुनाच. आता त्याला शास्त्रातला एक शब्द येऊन चिकटलाय, नायट्रेट. नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, दम टिकतो, चरबी जळते आणि वजन उतरतं, असा तो हिशेब. यातली पहिली दोन विधानं बऱ्यापैकी खरी आहेत. तिसरं उंदरांपुरतं खरं आहे. चौथ्याला माणसात आधार मिळालेला नाही. उलट एका प्रयोगानं तर विरुद्ध दिशेला बोट दाखवलंय. चौथ्या विधानापर्यंत लोक कसे पोचले, हे मात्र सावकाश सांगण्यासारखं आहे.

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं की आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर येतं. शाहूवाडी तालुक्यातली ही मोठी बाजारपेठ. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगड पाडला आणि पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचं ठाणं इथं आलं, तेव्हापासून आसपासच्या वाड्यावस्त्यांचा माल मलकापुरात उतरतो. भात, नाचणी, ऊस आणि माळवं. माळव्यात पालेभाजीची पेंडी आलीच: मेथी, पोकळा, शेपू, थंडीत चाकवत. पावसाळ्यात भांगलणीला गेलेल्या बायका तणातून तांदूळजा आणि कुर्डू वेगळा काढून घरी आणतात. थोडाफार बाजारातही येतो. ज्या नायट्रेटसाठी शहरात पावडरीचे डबे विकत घेतले जातात, ते या पेंड्यांमध्ये डब्याइतकंच, कित्येकदा डब्याहून जास्त असतं.

याचं कारण वनस्पतींच्या घराण्यात आहे. बीट, पालक, चाकवत, माठ, पोकळा, तांदूळजा, राजगिरा आणि कुर्डू या सगळ्या वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत एकाच कुळातल्या, राजगिऱ्याच्या. नायट्रेट साठवून ठेवणं ही या कुळाची खोड आहे. त्यांच्या जोडीला मुळा-मोहरीचं कूळ आणि कोथिंबीर-शेपूचं कूळ. काकडी, टोमॅटो, वाटाणा यांच्यात मात्र ते नावापुरतंच सापडतं. ताज्या पालकाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम नायट्रेट धरतात. पण हा आकडा पालकाचा कमी आणि वाफ्याचा जास्त असतो.

रोप मुळावाटे जमिनीतलं नायट्रेट वर ओढतं आणि पानात त्याचं रूपांतर करून प्रथिनं बनवतं. या रूपांतराला उजेड लागतो. ऊन चांगलं असेल तर आलेलं नायट्रेट लगोलग खर्ची पडतं. आभाळ भरलेलं असेल तर ते पानात, त्याहूनही देठात, साठून राहतं. म्हणून पहाटे खुडलेल्या भाजीत ते संध्याकाळी खुडलेल्या भाजीपेक्षा जास्त असतं. युरोपीय संघाच्या कायद्यात ही गोष्ट अधिकृतपणे लिहून ठेवलीय: आच्छादनाखाली वाढवलेल्या सॅलडच्या पानांना हिवाळ्यात किलोमागे ५००० मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, उन्हाळ्यात ४००० पर्यंतच. तिकडे सूर्य हिवाळ्यात रुसतो, आपल्याकडे तो आषाढात रुसतो. आंबा घाटाच्या पट्ट्यात आठवडेच्या आठवडे उन्हाची तिरीप दिसत नाही, तेव्हा तिथला पोकळा या नियमातून सुटेल असं मानायचं काही कारण नाही.

दुसरी गोष्ट युरिया. ४५ किलोच्या पोत्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे जेमतेम २१ किलो. जमिनीतले जिवाणू युरियाचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. पालेभाजी दिसण्यावर खपते, त्यामुळे काढणीच्या आठ-दहा दिवस आधी युरियाची एक मूठ जास्त पडते आणि भाजी कशी काळीशार होते. त्या काळोखीत नायट्रेट असतं. बांधावर आपोआप उगवलेल्या तांदूळज्यातही असतं, पण ते त्या जमिनीच्या ऐपतीप्रमाणे. त्यामुळे एका पेंडीत किती नायट्रेट, याला एकच उत्तर नाही. ऋतू, वेळ, खत आणि देठ खुडून टाकले की ठेवले, यावर ते दुपटी-तिपटीनं हलतं. पोषणाचे तक्ते वाचताना हे डोक्यात असलेलं बरं.

नायट्रेट म्हणजे नत्राच्या एका अणूला ऑक्सिजनचे तीन अणू. पोटॅशियमबरोबर जोडलं की त्याचा सोरा होतो. विशाळगड-पन्हाळ्याच्या तोफांची दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांचीच. स्फोटासाठी लागणारा ऑक्सिजन सोरा पुरवत असे. शरीरात स्फोट-बिट काही होत नाही, पण नायट्रेटच्या अंगी ऑक्सिजन सोडून देण्याचा जो गुण आहे, त्यावरच पुढची सगळी गोष्ट चालते.

भाजीतलं नायट्रेट लहान आतड्यातून रक्तात जातं. त्यातला बराचसा भाग दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. पण सुमारे एक चतुर्थांश लाळग्रंथी मुद्दाम उचलून घेतात आणि लाळेत सोडतात, तेही रक्तातल्यापेक्षा दहा-वीस पट दाट करून. एकदा पोटात गेलेली वस्तू शरीर पुन्हा तोंडात आणून ठेवतं, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. त्यामागचं काम जिभेच्या मागच्या भागात, तिथल्या खाचाखोचांत राहणाऱ्या जिवाणूंकडे आहे. माणसाच्या पेशींना नायट्रेटचा एक ऑक्सिजन काढून त्याचं नायट्राइट करणं फारसं जमत नाही. या जिवाणूंना ते सहज जमतं. ते नायट्राइट लाळेबरोबर गिळलं जातं, जठराच्या आम्लात त्याचा काही भाग नायट्रिक ऑक्साइड वायू होतो आणि उरलेलं रक्तात शिरून गरज पडेल तिथं, विशेषतः ऑक्सिजन कमी पडणाऱ्या स्नायूंत, तोच वायू तयार करतं.

हा सगळा कारभार जिवाणूंच्या जिवावर चालत असल्यामुळे जंतुनाशक औषधानं सकाळ-संध्याकाळ चुळा भरणाऱ्या माणसात तो अडतो. अशा चुळा भरून बीटाचा रस प्यायला दिला, तर रक्तातलं नायट्राइट हवं तसं वाढत नाही आणि रक्तदाबही हलत नाही, हे प्रयोगांत दिसलंय. तोंडातले सगळेच जंतू वाईट, अशी जाहिरातींनी आपली समजूत करून दिलीय. जिभेवरच्या या मंडळींची बाजू कुणी मांडत नाही.

नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतो. शरीरात हा वायू निरोप पोचवायचं काम करतो, हे दाखवल्याबद्दल १९९८ चा नोबेल पुरस्कार रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद या तिघांना मिळाला. छातीत दुखायला लागल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळीही शेवटी हाच वायू मोकळा करते, पण ती वेगळ्या घडणीची आणि झटक्यात काम करणारी. बीटाचा रस तिची जागा घेऊ शकत नाही. गंमत अशी की डायनामाइट ज्या नायट्रोग्लिसरिनपासून बनवून आल्फ्रेड नोबेल श्रीमंत झाला, तेच औषध म्हणून घ्यायला त्याच्या अखेरच्या वर्षांत डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं.

आता चरबीकडे. २०१० साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या माटियास कार्लस्ट्रॉम, योन लुंडबर्ग, एडी वाइट्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एक महत्त्वाचं विकर ज्यांच्यात मुळातच नाही, असे उंदीर त्यांनी घेतले. अशा उंदरांचा रक्तदाब वाढतो, पोटात चरबी साचते, साखर बिघडते. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात काही आठवडे थोडं नायट्रेट घातलं. पोटाच्या आतली चरबी कमी झाली, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स उतरली, साखर सुधारली. मात्रा भाजी भरपूर खाणाऱ्या माणसाला मिळेल साधारण तेवढीच होती, त्यामुळे या निकालाचा बराच गवगवा झाला.

पाच वर्षांनी केंब्रिजहून बातमी आली. ली रॉबर्ट्स आणि ज्युलियन ग्रिफिन यांच्या गटाला उंदीरवर्गीय प्राण्यांत असं दिसलं की नायट्रेटमुळे पांढऱ्या चरबीतल्या पेशी तपकिरी चरबीसारख्या वागू लागतात. पांढरी चरबी साठवते, तपकिरी चरबी जाळून उष्णता काढते. तान्ह्या बाळाला ऊब राखायला हीच कामी येते. वजन उतरवण्याच्या व्यापाराला याहून गोड बातमी दुसरी कुठली?

तिसरा प्रयोग जपानच्या ओकिनावा बेटावरच्या र्‍युक्यू विद्यापीठातला, २०१७ चा, आणि मला सर्वांत विचारात पाडणारा. त्यांनी नायट्रेट दिलं नाही, काढून घेतलं. उंदरांना नायट्रेट-नायट्राइट जवळजवळ नसलेला आहार दीर्घकाळ दिला. तीन महिन्यांत पोटातली चरबी वाढली, साखर बिघडली; दीड वर्षात वजन वाढलं, रक्तदाब वाढला; पुढे ते उंदीर इतरांपेक्षा लवकर मेले. ओकिनावा दीर्घायुषी लोकांसाठी प्रसिद्ध, आणि तिथल्या जुन्या जेवणात पालेभाजीचा वाटा मोठा, त्यामुळे हा प्रयोग तिथंच व्हावा यात एक संगती आहे.

इथपर्यंत वाचून कुणी पावडरीचा डबा मागवला तर त्याला नावं ठेवता येत नाहीत. पण उंदराच्या आयुष्यातले तीन महिने म्हणजे माणसाची कित्येक वर्षं, आणि पहिल्या प्रयोगातले उंदीर तर मुद्दाम अधू करून घेतलेले. ज्याच्यात एखादी गोष्ट मुळातच कमी आहे त्याला ती दिल्यावर फरक पडतो, यावरून ज्याच्यात ती पुरेशी आहे त्याला आणखी दिल्यानं फरक पडेल असं म्हणता येत नाही. ओकिनावाचा प्रयोगही हेच सुचवतो: कमतरतेनं नुकसान होतं. जास्तीनं फायदा होतो, असं तो म्हणत नाही.

माणसांवरच्या प्रयोगांत गोष्ट अचानक उलटी फिरते. २००७ साली कॅरोलिन्स्कातल्याच फिलिप लार्सन यांनी निरोगी तरुणांना तीन दिवस नायट्रेट देऊन सायकल मारायला लावली. तेवढ्याच मेहनतीला त्यांना ऑक्सिजन कमी लागला. व्यायामशास्त्राच्या पुस्तकांत हा आकडा जवळपास अढळ मानला जात असे, म्हणून या निकालावर आधी कुणाचा विश्वास बसेना. २००९ मध्ये इंग्लंडच्या एक्सटर विद्यापीठात अँड्र्यू जोन्स यांच्या गटानं तोच प्रयोग बीटाच्या रसावर केला. रोज अर्धा लिटर, सहा दिवस. ऑक्सिजनची बचत तिथंही दिसली आणि जोरदार सायकल मारताना थकून थांबेपर्यंतचा वेळ सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. स्नायू त्याच ऑक्सिजनमध्ये जास्त काम काढत होते.

जरा थांबून विचार करा. जे इंजिन कमी इंधनात जास्त पळतं, त्याची टाकी रिकामी व्हायला वेळ लागतो. शरीर जर नायट्रेटमुळे काटकसरी होत असेल, तर त्याच कामात ते कमी उष्मांक खर्च करणार. मग वजन उतरेल कसं?

लार्सन यांनीच २०१४ मध्ये हे तपासलं. तेरा निरोगी माणसं, शरीराच्या दर किलोला ०.१ मिलिमोल नायट्रेट; साठ किलोच्या माणसाला हे सुमारे ३७० मिलिग्रॅम पडतं, म्हणजे दीडशे-दोनशे ग्रॅम पालक. तीन दिवसांनी त्यांचा निवांत बसलेल्या अवस्थेतला ऊर्जाखर्च सरासरी ४.२ टक्क्यांनी घटला. दिवसाला १४०० उष्मांक निव्वळ जगण्यावर खर्च होत असतील, तर ही बचत साठेकची झाली. चतकोर भाकरीहून थोडं जास्त. कागदावर गुणाकार केला तर वर्षाकाठी पावणेतीन किलो चरबी वाढायला हवी! तशी ती वाढत नाही. शरीर भूक आणि हालचाल मागेपुढे करून असल्या छोट्या फरकांची भरपाई करतं, आणि पुढच्या सगळ्या प्रयोगांत ही घट तशीच दिसलीही नाही. पण नायट्रेटमुळे शरीराची भट्टी धडाडून पेटते, या जाहिरातीतल्या वाक्याशी या निकालाचा मेळ कुठंच बसत नाही.

बीटाचा रस देऊन माणसांवर झालेल्या चाचण्या आता पुष्कळ आहेत. बहुतेक छोट्या, काही आठवड्यांच्या, आणि मुख्यतः रक्तदाब किंवा दमसास मोजणाऱ्या. वजन त्यांत नोंदलं जातं, पण ते लक्षात राहावं इतकं हललेलं दिसत नाही. रक्तदाब मात्र हलतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठानं २०१५ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज पाव लिटर रस दिला. वरचा आकडा सरासरी सात-आठ अंकांनी उतरला आणि रस थांबवल्यावर परत चढला. नायट्रेटचं खरं काम इथं आहे. ते रक्तवाहिन्यांसाठी चांगलं. कमरेच्या घेरासाठी त्याला राबवणं म्हणजे वैद्याला गवंडीकाम सांगणं.

दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्यांना मात्र हे संशोधन उपयोगी पडू शकेल. १६६० च्या ज्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले, त्या रात्रीच्या वाटेवर हजारो माणसं जुलैच्या चिखलात दोन दिवस चालतात. रस प्यायल्यावर दोन-तीन तासांनी रक्तातलं नायट्राइट सर्वांत जास्त असतं, म्हणून प्यायचाच तर तो निघायच्या तेवढा वेळ आधी. फायदा जास्त होतो तो अधूनमधून व्यायाम करणाऱ्यांना. कसलेल्या धावपटूंच्या शरीरात ती काटकसर आधीच मुरलेली असते, त्यांना फारसा फरक जाणवत नाही. चढण मात्र ज्याची त्यालाच चढावी लागते.

मग पालेभाजी खाऊन वजन आटोक्यात राहतं हे खोटं का? खोटं नाही. त्याचं श्रेय नायट्रेटकडे जात नाही, इतकंच. १०० ग्रॅम पालेभाजीत उष्मांक २५ ते ४५ च्या आसपास, बाकी पाणी आणि चोथा. ताटातली जागा भरते, चावायला वेळ लागतो, पोट भरल्याचा निरोप मेंदूला वेळेत जातो. कोल्हापूर भागातलं गरगटं याचं उत्तम उदाहरण. चाकवत निवडायचा, धुवायचा, थोड्या शेंगदाण्यांबरोबर आणि मूठभर हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवायचा, रवीनं किंवा पळीच्या पाठीनं घोटायचा, ताकात थोडं बेसन कालवून त्यात ओतायचं आणि वरून लसणाची फोडणी. वाडगाभर गरगटं आणि भाकरी, एवढ्यावर जेवण होतं. या पद्धतीत भाजी शिजवलेलं पाणी फेकलं जात नाही, त्यामुळे पाण्यात उतरलेलं नायट्रेटही वाडग्यातच राहतं. कुर्डूसारखी रानभाजी मात्र आधी उकडून, पिळून पाणी टाकून देतात. त्या पाण्याबरोबर नायट्रेटचा मोठा वाटा मोरीत जातो. घात होतो तो फोडणीत. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास उष्मांक असतात. सबंध पेंडीत नसतील इतके ते एका चमच्यात येतात, आणि कोल्हापुरी हात तेलाला आखडता नसतो.

रसाचं गणित तर याहून वाईट. बीटात साखर असते; युरोपात साखर बीटापासूनच काढतात, ती जात वेगळी असली तरी भावंडच. अर्धा लिटर रसात दीडशे-दोनशे उष्मांक येतात आणि चोथा गाळणीत राहतो. जेवणात बाकी काही न बदलता रोज एवढा रस वाढवला, तर काटा वरच जाईल.

आणि वजन कमी करणं ही काही सगळ्यांची गरज नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण पाचातली एक कमी वजनाची निघाली, आणि जास्त वजनाच्या बायका त्याहून थोड्या अधिक. एकाच गल्लीत दोन्ही घरं असतात. पालेभाजी दोघींनी खावी. पण कमी वजनाच्या सुनेला पातेलंभर गरगटं वाढून भाकरीला कात्री लावली तर तिचं नुकसानच.

आता पाण्याकडे वळू, कारण नायट्रेट फक्त पेंडीतून येत नाही. मलकापूर नावाचं दुसरं एक गाव बुलढाणा जिल्ह्यात आहे, भुसावळ-नागपूर रेल्वेवरचं. त्या जिल्ह्याचं नाव पाण्यातल्या नायट्रेटच्या यादीत येतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले भूजलाचे ३५ टक्क्यांहून जास्त नमुने नायट्रेटच्या मर्यादेबाहेर निघाले, आणि देशातल्या सर्वांत बाधित पंधरा जिल्ह्यांत आपले सात: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅमची. खतं, उकिरडे, शोषखड्डे आणि शौचालयांचं झिरपणारं पाणी ही त्याची उगमस्थानं. विहिरीच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि उन्हाळ्यात माणूस दिवसाला तीन-चार लिटर पाणी पीत असेल, तर त्याच्या पोटात लार्सनच्या प्रयोगाइतकी मात्रा रोज जाते, तीही फुकट. नायट्रेटनं वजन उतरत असतं तर अशा विहिरींवर रांगा लागल्या असत्या.

तरीही भाजीतलं चांगलं आणि पाण्यातलं वाईट, असं का? रेणू तर एकच. फरक संगतीचा आहे. नायट्राइट जठरात प्रथिनांच्या तुकड्यांशी जुळलं तर नायट्रोसामाइन नावाची संयुगं बनू शकतात, आणि त्यांतली बरीच कर्करोगकारक आहेत. भाजीत नायट्रेटच्या बरोबर क जीवनसत्त्व आणि इतर रोधक पदार्थ येतात, ते ही जुळणी अडवतात. पाण्यात तसं कुणी नसतं, आणि नायट्राइट घालून टिकवलेल्या सॉसेज-सलामीत तर प्रथिनं आयतीच हजर. डेन्मार्कमधून आलेले दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत. २०१८ च्या अभ्यासात २७ लाख लोकांच्या नोंदी होत्या. पिण्याच्या पाण्यातलं नायट्रेट कायदेशीर मर्यादेच्या बरंच खाली असतानाही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसला. २०२१ च्या अभ्यासात ५३ हजार लोक. रोज भाजीतून साधारण ६० मिलिग्रॅम नायट्रेट घेणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण अगदी कमी भाजी खाणाऱ्यांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी, आणि त्यापुढे जास्त खाऊन फायदा आणखी वाढला नाही. दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत, कार्यकारण सिद्ध करणारे नाहीत. पण ६० मिलिग्रॅम म्हणजे शिजवलेली अर्धी वाटी पालेभाजी. त्यासाठी डबा नको, पेंडीसुद्धा अख्खी नको.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते दाट होतं. तुरटी, कापडी गाळण, कँडलचा फिल्टर, अतिनील दिवा, यांपैकी कशालाच ते दाद देत नाही. आरओ यंत्र ते बऱ्याच अंशी काढतं. तपासणी जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत होते. वरचं दूध पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हा प्रश्न गंभीर असतो. त्या वयात रक्तातलं हिमोग्लोबिन नायट्राइटमुळे सहज निकामी होतं, ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं आणि बाळ निळं पडतं. अमेरिकेत आयोवातल्या हंटर कॉमली या डॉक्टरनं १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध पहिल्यांदा जोडून दाखवला. गुराढोरांतही हेच घडतं: अवर्षणात खुरटलेला, भरपूर युरिया दिलेला मका किंवा ओटचा हिरवा चारा पोटभर खाल्ला की रक्त चॉकलेटी पडतं. कोवळ्या ज्वारीनं होणारी विषबाधा बहुधा सायनाइडची असते. तिच्यात रक्त उलट लालभडक दिसतं, आणि दोन्हींची औषधं वेगळी.

स्वयंपाकघरातल्या खबरदाऱ्या थोड्याच. शिजवलेली पालेभाजी ओट्यावर दिवसभर ठेवू नये. जिवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करत बसतात. रात्रीची उरली तर फ्रिजमध्ये टाकावी आणि लहान बाळाला ती भरवू नये. मुतखड्याचा त्रास असलेल्यांना चाकवत, पालक, बीट रोजच्या रोज नकोत, कारण या कुळात ऑक्झलेटही भरपूर. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी रस सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. आणि बीट खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली म्हणून कुणी घाबरून दवाखाना गाठू नये. दहा माणसांमागे एखाद्याला असं होतं. ते रक्त नव्हे, रंग असतो, आणि एक-दोन दिवसांत जातो.